डॉक्टरला फेटा

रक्त तपासायला आलेल्या डॉक्टरलाच यांनी फेटा बांधला आणि स्टेजवर नेऊन बसवलं. आता बोला! एकट्या डॉक्टरला बसवलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण रक्त काढणारा लॅबवाला, बीपी बघणाऱ्या नर्सबाई, सगळ्यांना ओळीनं खुर्च्या, सगळ्यांच्या डोक्याला केशरी फेटे, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या. आणि खाली शाळेच्या मैदानात टेबलं मांडलेली. त्यावर सुया, कापूस, नळ्या सगळं तयार, फक्त हात लावायला माणूस नाही. समोर सतरंजीवर बाया बसलेल्या, सकाळपासून उपाशी. 'उपाशीपोटी या, चहासुद्धा घेऊ नका' असं देवळाच्या भोंग्यावरून आम्हीच तर सांगितलं होतं.

का थांबलोय? तर प्रमुख पाहुणे यायचेत. त्यांनी फीत कापल्याशिवाय कुणाला सुई टोचायची नाही, असं आमच्या शहाण्यांनी ठरवलेलं.

मी मोनिका. ग्रामपंचायतीची सदस्य. निवडून आले मी, पण गावात कुणी 'ओ मेंबर' म्हणून हाक मारली की मागं वळून बघतात ते आमचे हे, रविराज. मिटिंगला हे जातात, सही करायला मला घरी कागद आणून देतात, आणि पाहुणे आले की मला ताट घेऊन ओवाळायला उभी करतात. त्या दिवशीही माझ्याकडं तेच काम होतं. भारीतली साडी नेसून, निरांजन लावून, रस्त्याकडं डोळे लावून बसायचं.

माझा जीव मात्र सगळा सतरंजीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या लंकाबाईपाशी होता. माळावरच्या वस्तीतली ही बाई. स्वतःचा गुंठा नाही, पण आमच्या सुप्याकडच्या पट्ट्यात ज्यानं ज्यानं कांदा लावला, त्याच्या रानात हिचा हात लागलेला. लेक आणि सून कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले, घरात ही एकटी. दिवाळीच्या आधी हिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, जखम काही भरेना. मी एकदा चिंधी सोडून बघितली तर बोटांच्या बेचक्यात हे एवढं भोक पडलेलं, आणि बाई म्हणते, "दुखत न्हाई वहिनी, काय बी होत न्हाई." माझ्या माहेरी चुलत्यांचा पाय असाच गेला होता साखरेनं. त्यांचंही कधी दुखलं नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, उद्या माझ्या गाडीवर बस, सुप्याला दवाखान्यात दाखवून येऊ." तर कसलं काय! त्याच संध्याकाळी आमच्या आबांनी भोंगा हातात घेतला. आबा म्हणजे आबासाहेब, माझे सासरे. गावच्या आरोग्य समितीत त्यांचाच शब्द चालतो. "ग्रामस्थांनो, आठ दिवसांत आपल्या गावातच भव्य शिबिर होणार आहे. नगरहून डॉक्टर येणार आहेत. साखर, बीपी सगळं फुकट. कुणीही इकडं तिकडं पळापळ करू नका!" झालं. लंकाबाईच्या डोक्यात ते असं पक्कं बसलं की मी कितीही डोकं आपटलं तरी बाई जागची हलेना. "आता शिबिरच हाय की वहिनी. आठ दिसाचा तर प्रश्न. कामाचा खाडा कशापायी करू?"

कसले आठ दिवस घेऊन बसलात! आधी पाहुण्यांच्या पुतणीचं लग्न निघालं, शिबिर पुढं. मग पाहुणे कुठल्या तरी अभ्यास दौऱ्यावर गेले, शिबिर पुढं. मग त्यांच्या कुणा जवळच्याचा दहावा आला, शिबिर आणखी पुढं. दरवेळी मी यांच्या मागं लागायची, "अहो, डॉक्टर यायला तयार आहेत, माणसं यायला तयार आहेत, तुमचं घोडं कुठं अडलंय?" आणि दरवेळी एकच उत्तर, "अगं, त्यांनी शब्द टाकला म्हणून शिबिर मिळालं. त्यांना वगळून केलं तर बरं दिसतं का?" बरं दिसतं का, म्हणे! इकडं त्या बाईचा पाय काळानिळा पडत चाललाय आणि यांना बरं दिसण्याची पडलीय.

ग्रामसभेत मी उभी राहून बोलले होते, हेही सांगते. भीड नाही की लाज नाही, सरळ बोलले. म्हटलं, शिबिर वस्तीवर घ्या. उजाडता उजाडता घ्या, बाया टेम्पोत बसायच्या आत. रक्त द्यायला कितीसा वेळ लागतो? ज्यांच्या घरी गाडी आहे ते नगरला जाऊन महिन्याच्या महिन्याला साखर तपासून येतात, आमचे आबाच जातात. गरज वस्तीला आहे तर डॉक्टर वस्तीवर जाऊ द्या. सगळे कसे माना डोलवत होते! मग एक जण उठून म्हणाला, "वहिनींचं अगदी बरोबर आहे, पण वस्तीला रस्ता कुठाय? पाहुण्यांची गाडी जायची कशी? आणि मंडप कुठं घालायचा?" घ्या! रस्ता नाही म्हणून पाहुणे जाणार नाहीत, आणि पाहुणे जाणार नाहीत म्हणून डॉक्टर जाणार नाही. शेवटी ठराव झाला तो मंडपाचा. मी कपाळावर हात मारून खाली बसले.

तर असा तो दिवस उजाडला. उन्हं चढायला लागली. शाळेच्या मुलींनी स्वागतगीताची तालीम माइकवर इतक्या वेळा केली की ते गाणं माझ्या कानातून अजून गेलं नाही. लंकाबाईच्या पायाला चिंधी, चिंधीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर सुतळी. तोंड कोरडं पडलेलं. सारखी पाणी पीत होती आणि सारखी शाळेच्या मागं जाऊन येत होती. मला राहवलं नाही. मी सरळ स्टेजवर चढले.

"डॉक्टर, तुम्ही सुरू करा ना. बाया उपाशी आहेत."

डॉक्टर गंधार म्हणजे अगदी तरुण माणूस, नगरजवळच्या केडगावहून आलेला. फेटा ढिला बांधलेला, तो सारखा भुवईवर येत होता आणि डॉक्टर तो एका हातानं वर ढकलत होते. "मी तर केव्हाचा तयार आहे, ताई," ते हळूच म्हणाले. "पण मला उठू देत नाहीत."

तेवढ्यात आमचे हे धावत आले. "काय चाललंय? खाली जा बरं तू. पाहुणे सुप्यापर्यंत आलेत, दहा मिनिटं."

"मघापासून ते सुप्यातच आहेत. सुप्यातच राहायला गेलेत का?"

"हळू बोल, माइक चालू आहे!"

माइक खरंच चालू होता. खाली दोन-चार जणी पदर तोंडाला लावून हसल्या. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला म्हणाले, "तू जा, ताटाचं बघ. निरांजन विझलंय." मी गेले. कशाला गेले, देव जाणे. मघाशीच फेकून द्यायला पाहिजे होतं ते ताट.

शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये पाहुण्यांच्या नाष्ट्याचे पोहे चालले होते. कांदा, कढीपत्त्याची फोडणी, वर खोबरं. त्याचा वास मैदानभर सुटलेला, आणि मैदानात उपाशी बाया! आबा शेडच्या दारात खुर्ची टाकून पोह्यांची बशी घेऊन बसले होते. मी नुसतं बघितलं तर म्हणाले, "माझी साखर परवाच तपासलीय, मला काय उपाशी राहायचं नाही." हात टेकले बाई मी या घरापुढं.

निरांजनात तूप घालून, वात सारखी करून बाहेर आले तर सतरंजीचा मागचा भाग रिकामा! पुढं गावातल्या चार म्हाताऱ्या, आणि मागं नुसत्या चपलांच्या धुळीच्या खुणा. लंकाबाई नाही, वस्तीतली एकही बाई नाही.

"बाया कुठं गेल्या?" मी यांना विचारलं.

"गेल्या कामाला. टेम्पो आला होता."

"कुणाचा टेम्पो?"

हे दुसरीकडं बघायला लागले. मग मला कळलं. आमचाच टेम्पो. आमच्याच रानात कांद्याची लागण होती. शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसाची, मोटर चालू करून वाफे भिजवलेले, रोपं उपटून ठेवलेली. ह्यांनीच ड्रायव्हरला फोन करून बाया उचलायला सांगितलं होतं.

"अगं, रोपं सुकली असती," हे म्हणाले. "शिबिर काय, दुपारनंतरही चालू राहील. त्यांना परत आणू की."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे शिबिर आम्ही भरवायचं, बायांना उपाशी आम्ही बोलवायचं, तिष्ठत आम्ही ठेवायचं, आणि रक्त न घेता आमच्याच रानात चिखल तुडवायला आम्हीच न्यायचं! अहो, दुश्मनसुद्धा एवढं जुळवून आणत नाही! ताट मी तिथंच टेबलावर आपटलं, कापसाच्या बंडलाशेजारी. स्टेजवर गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, उठा. पेटी घ्या. एका बाईचा पाय बघायचाय, आत्ता."

डॉक्टरांनी एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि बिचारे शाळा सुटल्यावर पोरगं उठतं तसे उठले. माझ्या स्कूटीवर मागं बसले. मांडीवर पेटी, डोक्यावर फेटा, फेट्याचा शेमला वाऱ्यावर. गावाबाहेरच्या वळणावर समोरून पाहुण्यांच्या गाड्या आल्या, एकामागं एक, धुरळा उडवत. पुढच्या गाडीतून पाहुण्यांनी फेटा बघितला आणि त्यांना वाटलं आम्ही त्यांच्याच स्वागताला आलोय. काच खाली करून हात जोडले! मी मान वळवून थुंकले नाही, एवढेच माझ्यावर संस्कार.

रानात गेलो तर बाया ओल्या वाफ्यात उकिडव्या बसून रोपं खोचत होत्या. लंकाबाई कडेच्या वाफ्यात होती. पायाची पिशवी चिखलानं भरलेली.

"आता उपाशी न्हाई मी वहिनी," मला बघून ती घाबरूनच म्हणाली. "टेम्पोत साळूबाईनं भाकरीचा तुकडा दिला. चालंल का? का पुन्हा यायचं?"

"चालंल," मी म्हटलं. "बांधावर बस."

डॉक्टरांनी बोटाला टोचून छोट्या मशीनवर थेंब घेतला. मशीननं आकडाच दाखवला नाही. त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचलं, पुन्हा तेच. "साखर मशीनच्या मापाबाहेर गेलीय," ते म्हणाले.

लंकाबाईला हसू आलं. "उपाशी ऱ्हाऊन साखर वाढती व्हय डाक्टर? मंग आमच्या वस्तीत समद्यांलाच आसंल."

डॉक्टर काही हसले नाहीत. त्यांनी सुतळी तोडली, पिशवी काढली, चिंधी सोडली. वास आला. नाकाला पदर लावून मी तिथंच उभी राहिले. दोन बोटं काळी ठिक्कर पडलेली. डॉक्टर वाकून बोटं दाबून बघत म्हणाले, "यांना आत्ताच्या आत्ता नगरला सरकारी दवाखान्यात न्या. पाय वाचवायचा असेल तर आज. उद्या नाही."

"आज कसं जमंल?" लंकाबाईनं पाय आखडून घेतला. "वाफा अर्धा हाय माझा. लागण उरकून जाते."

मी भडकले. "मावशी, पाय जाईल! वाफा काय घेऊन बसलीस?"

"उक्तं घेतलंय वहिनी," तिकडून साळूबाई म्हणाली. साळूबाई टोळीची म्होरकी. उक्तं म्हणजे सगळ्या टोळीनं मिळून रान अंगावर घ्यायचं. एक उठली की तिचा वाफा बाकीच्यांच्या गळ्यात. म्हणून अंगात ताप असो, पोटात कळ असो, वाफ्यातनं कुणी उठत नाही. उठली तर पुढच्या वेळी टोळीत घेतील का नाही, ही भीती. "आमी करू तिचं," साळूबाई पुढं म्हणाली, "पर आमच्यातल्या दोगींना आंगात कसकस हाय. सांज हुईल."

मी चपला काढल्या. भारीतली साडी गुडघ्यापर्यंत खोचली. "तिचा वाफा मी लावते. तिचा वाटा तिलाच द्यायचा. आता तरी उठशील का?"

एक जण म्हणाली, "वहिनी, तुमाला जमंल?" मी म्हटलं, जमवते.

तेवढ्यात आमच्या यांची गाडी बांधावर येऊन थांबली. फेट्यासकट उतरले ते तोफेसारखे. "काय अवदसा आठवली गं तुला? पाहुणे आलेत! ओवाळायला बाईमाणूस नाही! डॉक्टर नाही! फीत कापायची तर कशासाठी कापायची? आबा मान खाली घालून बसलेत. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!"

मी नुसतं लंकाबाईच्या पायाकडं बोट केलं. त्यांनी बघितलं. माणूस वाईट नाही हो तो, तेच तर माझं दुखणं आहे. वाईट असता तर सोडून तरी दिला असता. त्यांचं तोंड उतरलं, हात आपसूक फेट्याकडं गेला, आणि मला म्हणतात कसे, "एवढं झालंय होय? अगं, मग आधी सांगायचं ना!"

आधी सांगायचं ना! दिवाळीपासून मी काय भजन म्हणत होते?

"गाडीत घाला तिला," मी म्हटलं. "नगरला न्या. डॉक्टर संगं येतील. आणि मागं नका बसवू, पाय लांब करू द्या."

लंकाबाई सवयीनं गाडीच्या मागच्या बाजूला गेली होती, जिथं खताची पोती टाकतात तिथं. पुढच्या सीटवर उरलेले हार आणि नारळ होते. मी ते उचलले आणि बांधाखाली टाकले, आणि तिला दंडाला धरून पुढं बसवलं. ती अंग चोरून अशी बसली की सीटला चिखल लागू नये. "मालक, शीट घान हुईल," म्हणाली. ह्यांनी फेटा काढून मागं टाकला आणि गाडी वळवली.

मग मी वाफ्यात बसले. शेतकऱ्याच्या घरची लेक, शेतकऱ्याच्या घरची सून, पण कांदा लावायचा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. पहिली ओळ संपेपर्यंत कंबर बोलायला लागली. चिखल गार, बोटं सुन्न. साळूबाई मध्येच येऊन माझी रोपं पुन्हा दाबून जायची आणि काही न बोलता आपल्या ओळीला लागायची. लांबून शाळेच्या माइकवरून स्वागतगीत ऐकू येत होतं. डॉक्टर नव्हता, तपासायला माणसं नव्हती, पण सत्कार झाला म्हणतात. फीत कापली, भाषणं झाली, पोहे संपले. आबांनी आभार मानले.

ऊन उतरता उतरता माझा मोबाईल वाजला. माझे हात कोपरापर्यंत चिखलात. साळूबाईनं आपले हात पदराला पुसले आणि फोन माझ्या कानाशी धरला. आवाज मोठा होता, आजूबाजूच्या सगळ्या जणी हातातलं रोप तसंच धरून ऐकायला लागल्या.

"दोन बोटं काढावी लागणार," हे म्हणाले. "पायाचं उद्या कळेल. मोनिका, इथले डॉक्टर माझ्यावर ओरडतायत गं. एवढे दिवस हिला घरी का ठेवली, विचारतात. सगळ्यांसमोर विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

"खरं ते सांगा," मी म्हटलं. "पाहुण्यांना सवड नव्हती म्हणावं."